दाढीची खुर्ची, एक नग

ट्रकमधून चौघांनी मिळून खुर्ची उतरवली आणि तिच्यावरचं गोणपाट फाडलं, तेव्हा खांबेगव्हाण ग्रामीण रुग्णालयाच्या पटांगणात जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. लाल रेक्झिनची बैठक, पाय ठेवायला लोखंडी जाळी, मागे डोकं टेकायला उशी. इथवर सगळं ठीक होतं. पण खुर्चीच्या उजव्या हाताला चामड्याचा एक लांब पट्टा लोंबत होता आणि दात काढताना त्या पट्ट्याचं काय करतात, हे कुणालाच सांगता येईना.

"हे काय आलंय ओ?" डॉ. मुजावर मॅडमनी विचारलं.

डॉ. रेहाना मुजावर मिरजेच्या. आमच्याकडे दातांच्या डॉक्टर म्हणून रुजू होऊन त्यांना पाच महिने झाले होते. सरकारने डॉक्टर दिला होता, खुर्ची द्यायची राहिली होती. त्यामुळे बाई रुग्णाला लाकडी स्टुलावर बसवत, त्याचं डोकं भिंतीला टेकवत आणि खिडकीतून जेवढं ऊन आत येईल तेवढ्यात दाढ उपटत. आभाळ आलं की दंत विभाग बंद.

तुळशीराम बिडवे पुढे झाला. त्याने पट्टा बोटांत धरून पाहिला आणि तो जरा संकोचून म्हणाला, "मॅडम, ह्यो वस्तरा परजायचा पट्टा हाय."

तुळशीराम आमच्या रुग्णालयाचा न्हावी. हसू नका, ऑपरेशनआधी रुग्णाचे केस काढायला तेव्हा आमच्याकडे न्हाव्याचं पद मंजूर होतं. सर्जनचं पद मात्र सहा वर्षं रिकामं. म्हणजे ऑपरेशन होत नसे, पण त्याच्या आधीचे केस काढणारा माणूस रोज सकाळी नऊला सही करून हजर असे.

ट्रकवाल्याने कागद पुढे केला आणि मोठ्याने वाचला. "दाढीची खुर्ची, एक नग. बरोबर आहे ना? सही करा."

मी गर्दीत सगळ्यात मागे उभा होतो. ती खुर्ची मी मागवली होती.

म्हणजे मागवली होती आमच्या अधीक्षकांनी, डॉ. पतंग्यांनी. त्यांनी मसुदा लिहिला, 'दातांची खुर्ची, एक नग'. पण डॉ. पतंग्यांचं अक्षर हे खुद्द डॉ. पतंग्यांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. मी कनिष्ठ लिपिक, नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. मी ते 'दाढीची' असं वाचलं. मनात म्हटलं, खरंच की, आपल्याकडे न्हावी आहे आणि त्याला खुर्ची नाही. साहेबांचं मन मोठं! टाइपरायटरवर खडाखडा बडवलं, साहेबांनी न वाचता सही केली आणि पत्र गेलं.

दातांच्या खुर्चीसाठी जिल्ह्यात बत्तीस दवाखान्यांची यादी पडून होती. दाढीच्या खुर्चीसाठी आमच्यापुढे कुणीच नव्हतं. ती सात आठवड्यांत आली. इतक्या चटकन आलेली सरकारी वस्तू मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही.

"वरच्यांनी घोळ घातलेला दिसतो," डॉ. पतंगे म्हणाले. "टेकाळे, वर कळवा."

"हो, साहेब," मी म्हणालो, आणि कळवलं नाही. कळवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, पत्र कुणी टाइप केलं?

मॅडम तोवर खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. त्यांनी बाजूचा दांडा ओढला. खुर्ची मागे कलली, डोकं बरोबर उशीवर गेलं आणि तोंड आभाळाकडे झालं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. तिथूनच त्या म्हणाल्या, "चालतंय की! खुर्चीला काय कळतंय, दाढ का दाढी?"

आणि खरोखरच चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं. तुळशीरामला तसंही काम नव्हतं, तो डोकी धरायला उभा राहू लागला. माणसाचं डोकं धरावं कसं, ही विद्या त्याच्या घराण्यात चार पिढ्यांची. तो म्हणायचा, "कोंबडी धरल्यावानी धराचं न्हाई. पिकलेलं टरबूज धरल्यावानी धराचं. त्याला वाटलं पायजे, आपल्याला कुणी धरलंच न्हाई." त्याच्या हातात डोकं गेलं की आडदांड पैलवानही डोळे मिटून गप पडत. एकदा हर्नियाच्या तपासणीला आलेला एक म्हातारा चुकून रांगेत बसला, खुर्चीत निवांत पडला आणि तुळशीरामला म्हणाला, "मिशा ऱ्हाऊ दे, बाकी काढ." मॅडमनी त्याची हलणारी दाढ काढून हातावर ठेवली. म्हातारा म्हणाला, "ही बी ऱ्हायलीच व्हती, बरं झालं."

वाड्यावस्त्यांवरून बाया येऊ लागल्या. आमच्या भागात बाया सकाळी उठल्या की आधी तोंडात तंबाखूची मिश्री धरतात, मग चूल पेटते. मॅडम दात बघायच्या निमित्ताने प्रत्येकीचा गाल बोटाने उलटून बघत. कुठे पांढरा चट्टा दिसला की त्यांची बडबड थांबे.

असा एक चट्टा त्यांना गयाबाईच्या गालात दिसला.

गयाबाई आमच्याकडे झाडलोट करायची. रोजंदारीवर, चौदा वर्षं. मी गावात नवा, एकटा. पहिल्याच आठवड्यात मला बिस्किटं खाऊन दिवस काढताना तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या फडक्यातली एक भाकरी माझी झाली. वर ठेचा. मला ती सगळ्यांदेखत भाऊसाहेब म्हणायची आणि कुणी नसलं की लेकरा. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं होतं, की ती ठेचा मला वाढते, स्वतः भाकरी पाण्यात कुस्करून खाते. तिखटाने तोंड भाजतं म्हणाली. मला वाटलं, वय झालं.

"चट्ट्याच्या मधोमध फोड आहे," मॅडमनी मला सांगितलं. माझं तिच्याशी बरं आहे हे त्यांना माहीत होतं. "बारीक तुकडा काढून तपासाय पाठवायला पाहिजे. तुम्ही सांगा तिला. आत्ता कळलं तर तेवढ्यावर निभावतंय. वरीसभर अशीच राहिली तर जबडा काढावा लागंल."

मी सांगितलं. गयाबाई दोन आठवडे हो नाही करत राहिली. मग एका दुपारी, कुणी नसताना, झाडू भिंतीला लावून ती हळूच त्या लाल खुर्चीत बसली. तुळशीरामने न बोलता मागून तिच्या डोक्याला हात लावला आणि दांडा ओढला.

"अगं बया," गयाबाई आढ्याकडे बघत म्हणाली. "पाळण्यात घातल्यावानी झालं की रं."

"घेऊ का तुकडा?" मॅडमनी दारातूनच विचारलं.

"आज नगं. आज सोमवार हाय माजा. बेस्तरवारी घ्या. पर ह्यानंच धरलं पायजे."

बेस्तरवार ठरला. आणि बुधवारी जडवस्तू पडताळणीसाठी जिल्ह्याहून कुलथे साहेब आले.

कुलथे साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. त्यांनी चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला घेतला. एका बाजूच्या गालात लवंग धरून ते बोलत होते. पलंग मोजले, स्टुलं मोजली, कुलूप नसलेल्या तीन कपाटांच्या किल्ल्या मोजल्या. मग नोंदवहीचं पान उलटून ते दंत विभागात शिरले. मागे डॉ. पतंगे, त्यांच्यामागे नोंदवही घेऊन मी. आत मॅडम आणि तुळशीराम. दाराशी हातात झाडू घेऊन गयाबाई.

"नोंद काय आहे?"

"दाढीची खुर्ची, एक नग," मी वाचलं.

"ह्या खुर्चीवर आजपर्यंत दाढ्या किती झाल्या?"

डॉ. पतंग्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "दाढी एकबी नाही साहेब. पण दाढा चारशे अकरा."

"दाढा मी विचारल्या नाहीत," कुलथे साहेब म्हणाले. "दाढीसाठी दिलेल्या खुर्चीवर दाढी नाही. म्हणजे शासकीय वस्तूचा अन्य प्रयोजनासाठी वापर. आणि दातांची खुर्ची ह्या रुग्णालयात नाही. म्हणजे दंत विभाग कार्यान्वितच नाही. मग दंत डॉक्टर इथे करतात काय?"

"चारशे अकरा दाढा काढतात," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचीबी काढतील. डावीकडची खालची आहे ना? लवंगंनं राहायची नाही ती. बसा, दोन मिनटांचं काम हाय."

कुलथे साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. त्या लाल रेक्झिनकडे, त्या उशीकडे इतकी आशाळभूत नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. मग त्यांनी मान वळवली.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले.

त्यांनी पेन काढलं. खुर्चीचा दातांसाठी वापर तात्काळ बंद, डॉक्टर जिल्ह्याला परत, एवढं लिहायचं उरलं होतं. पण लिहिता लिहिता ते थांबले. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

"एक वाट आहे," ते म्हणाले. "मुळात मागणी दातांच्या खुर्चीची असेल आणि टंकलेखनात चूक झाली असेल, तर प्रश्नच मिटतो. एका ओळीचं शुद्धिपत्रक. 'दाढीची' ऐवजी 'दातांची' वाचावे. मी इथेच शेरा मारतो, विभाग चालू राहील. फक्त चूक कुणाची, ते त्याने लिहून द्यायचं."

"मसुदा मी बरोबरच लिहिला असणार," डॉ. पतंगे घाईने म्हणाले.

"टंकलेखन कुणी केलं?"

"मी, साहेब," मी म्हणालो.

"मग? चूक झाली होती का?"

साधा प्रश्न होता. उत्तर मला ठाऊक होतं, गेले चार महिने ते माझ्याबरोबर जेवत होतं आणि झोपत होतं. पण मला कायम व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते. ही नोकरी मला चौथ्या परीक्षेत लागली होती. आधीची तीन वर्षं मी मेहुण्याच्या घरी त्याच्या मुलांचे अभ्यास घेत आणि बहिणीची नजर चुकवत काढली होती. सेवापुस्तकात पहिल्याच पानावर ठपका पडला की संपलं, असं मला कार्यालयातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. ते कितपत खरं होतं, हे मी कधी तपासलं नाही. भित्र्या माणसाला तपासायची घाई नसते.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. गयाबाई बघत होती, पण तिला यातलं काही कळत नव्हतं. ती साहेबापुढे मी उभा आहे म्हणून काळजीने बघत होती.

तेवढ्यात तुळशीराम पुढे आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, चूक न्हाई झाली. खुर्ची म्याच मागितली व्हती. ह्या भाऊसाहेबांच्या मागं मीच लागलो व्हतो, मला खुर्ची द्या, खुर्ची द्या म्हणून. त्यांचा काय दोष न्हाई."

हे धडधडीत खोटं होतं. तुळशीरामने सात जन्मांत कधी खुर्ची मागितली नव्हती.

कुलथे साहेब माझ्याकडे वळले. "टेकाळे, हे खरं आहे?"

तुळशीराम माझ्याकडे बघत उभा राहिला. साहेबही पेन उचलून थांबले होते. सगळ्या दवाखान्याला जणू दुसरं कामच नव्हतं, इतका वेळ मला मिळाला.

"हो, साहेब," मी म्हणालो.

पुढचं सगळं नियमात बसलं. खुर्चीवर फक्त दाढी करावी आणि रोजच्या दाढ्यांची नोंदवही ठेवावी, असा आदेश निघाला. डॉ. मुजावर यांची बदली जिल्ह्याला झाली, तिथे दातांचे तीन डॉक्टर होते आणि खुर्ची एक. मॅडमच्या वाट्याला सोमवार आला. त्यांचा कार्यमुक्तीचा आदेश मीच टाइप केला. अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

बेस्तरवारी मॅडमनी गयाबाईला स्टुलावर बसवून पाहिलं. सुई दिसताच तिने मान अशी झटकली, की मॅडमच्या हातातली पकड खाली पडली. खुर्चीत का नको, हे तिला समजावून सांगता सांगता मॅडमच रडकुंडीला आल्या. शेवटी बदली ठरल्यावर त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. "सोमवारी या. मीच असते तिथं."

"जाते की," गयाबाई म्हणाली आणि चिठ्ठीची घडी मिश्रीच्या डबीखाली ठेवली. मी दर आठवड्याला विचारायचो. दर आठवड्याला सोमवारी काहीतरी असायचं. एकदा मी चिडलो, तेव्हा म्हणाली, "लेकरा, तितं माजं डोस्कं कोण धरंल?"

मी धरतो, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तिथे माणसं असतात."

मॅडम गेल्या, तेव्हा त्यांची बॅग एसटीपर्यंत मीच नेली. गाडीत चढताना म्हणाल्या, "टेकाळे, तुमचं टायपिंग चांगलं हाय." एवढंच. त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तीन महिन्यांनी मी कायम झालो. प्रमाणपत्रात 'कामात चूक आढळून आली नाही' असं वाक्य होतं, आणि तेही मीच टाइप केलेलं. मी पेढे वाटले. गयाबाईने पेढा जिभेवर ठेवून विरघळू दिला, चावला नाही. "गोड हाय," ती म्हणाली. "आता लगीन कर लेकरा."

नोंदवही भरायची म्हणून तुळशीराम दिसेल त्याची दाढी करू लागला. तापाचा रुग्ण असो, विंचू चावलेला असो, आधी दाढी. त्या वर्षी 'रुग्णांची वैयक्तिक स्वच्छता' ह्या सदरात आमचं रुग्णालय जिल्ह्यात दुसरं आलं. डॉ. पतंग्यांना ढाल मिळाली. गाल सुजलेली माणसं वाड्यांवरून येतच राहिली. खुर्ची समोर दिसत असताना त्यांना परत का पाठवतात, हे काही त्यांना कळेना.

गयाबाई शेवटी मोठ्या शहरात गेली, पण दीड वर्षाने आणि आडवी होऊन. डाव्या बाजूचा जबडा काढला. जगली. पदर तोंडावर घट्ट ओढून पुन्हा झाडायला येऊ लागली. ती बोलते ते आता फक्त तुळशीरामला समजायचं. माझी भाकरी मात्र चालूच राहिली. ती फडकं सोडून माझ्यापुढे ठेवायची, काहीतरी म्हणायची, आणि मला ते कळायचं नाही.

मी सात वर्षं हे पोटात ठेवलं. तुळशीरामच्या निवृत्तीला आठवडा उरला, तेव्हा दुपारी मी त्याच्याकडे गेलो आणि त्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच. त्याने दांडा ओढला, मी मागे कललो. त्याने गालांना साबण लावला, पट्ट्यावर वस्तरा परजला. त्याचा हात कपाळावर आला.

"तुळशीराम," मी आढ्याकडे बघत म्हणालो, "ती चूक माझी होती. पत्र मीच चुकीचं टाइप केलं होतं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ट्रकवाल्यानं कागद वाचला तवापसून. तुमी मागं हुभं व्हतात, त्वांड पांढरं पडलं व्हतं."

"आणि तरी तू माझ्यासाठी खोटं बोललास."

वस्तरा माझ्या गालापाशी थांबला. तुळशीरामने तो पट्ट्यावर पुन्हा एकदा फिरवला. मग त्याच्या रोजच्या आवाजात म्हणाला, "तुमच्यासाठी न्हाई, भाऊसाहेब. गयाबाईसाठी. म्या म्हणलं, माणूस घाबरलंय, त्याला दम खाऊ द्यावा. आपल्या अंगावर आलं तर माणूस गप बसतं. पर दुसऱ्यावर चाललेलं बगून तरी खरं बोलंल. म्या तुमाला वाट करून दिली व्हती."

मी उठायला गेलो.

"तुमी तर हो म्हणलाव," तो म्हणाला, आणि माझं डोकं हळूच, दोन्ही हातांनी, होतं तिथे परत टेकवलं. "आता बोलू नका. वस्तरा हाय."